वीस मिनिटे कोणाच्या घड्याळाची?

पहिल्या पावसानंतर महागाव तालुक्यात पेरणीची लगबग सुरू होते आणि त्याच आठवड्यांत सर्पदंशाचे रुग्णही वाढू लागतात. बांधावर, गोठ्यात किंवा अंधारातल्या पायवाटेवर साप चावलेला शेतमजूर दवाखान्यात आणला, की डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो : विष रक्तात भिनले आहे का? घोणस किंवा फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती मारते. ते ओळखणारी तपासणी वैद्यकातील सर्वांत स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे. शिरेतून २ मिलिलिटर रक्त काढायचे, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे आणि २० मिनिटे त्या नळीला हात लावायचा नाही. मग ती एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे. प्रतिविष सुरू करायचे. यंत्र नको, वीज नको, तंत्रज्ञ नको. लागते एक नळी आणि एक घड्याळ.

नळी स्वच्छ आहे का, हे सगळे पाहतात. घड्याळाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नसते. घाईत बाराव्या मिनिटाला नळी तिरपी केली, तर गोठू पाहणारे रक्तही वाहते आणि गरज नसलेल्या रुग्णाला प्रतिविष दिले जाते. त्याची तीव्र ॲलर्जी स्वतःच जिवावर बेतू शकते. उलट गर्दीत नळी विसरली आणि पस्तिसाव्या मिनिटाला पाहिली, तर मंदपणे गोठलेले रक्त ‘सारे ठीक आहे’ असा खोटा दिलासा देते. प्रतिविष दिल्यावर हीच तपासणी ६ तासांनी पुन्हा करायची असते. त्या ६ तासांत रुग्णाला यवतमाळच्या किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागले, तर केसपेपरवरची वेळ एका घड्याळाची, १०८ रुग्णवाहिकेची नोंद दुसऱ्या घड्याळाची आणि पोहोचल्यावरच्या मॉनिटरवरची वेळ तिसऱ्याच घड्याळाची असू शकते. मग ‘६ तास’ नेमके कोठून मोजायचे?

हा प्रश्न एका तालुक्याचा नाही आणि केवळ भिंतीवरच्या घड्याळाचाही नाही. रुग्णालयातील जवळपास प्रत्येक यंत्राच्या पोटात आज एक संगणक आहे आणि प्रत्येक संगणकाच्या पोटात एक घड्याळ. ते घड्याळ चुकले तर काय होते, ते कोण दुरुस्त करते आणि त्या दुरुस्तीची किंमत समाजाला का कळत नाही, याचा विचार करायला एक अनपेक्षित उदाहरण उपयोगी पडते. ‘क्यूएमू’ या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील वेळ सांभाळण्याची व्यवस्था गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने नव्याने बांधली गेली. नाव बहुतेकांनी ऐकलेले नसेल. पण त्यातील अडचण कोणत्याही वॉर्डातल्या सिस्टरला ओळखीची वाटेल.

वैद्यक आणि घड्याळ यांचे नाते जुने आहे. नाडीचे ठोके बोटाला लागत होते, पण ते मोजायला खात्रीचे घड्याळ नव्हते. १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी खास एका मिनिटाच्या घड्याळाचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि ‘नाडी जलद आहे’ या शेऱ्याच्या जागी हळूहळू आकडा आला. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून घटिकापात्र होते. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. दिवसरात्र मिळून ६० घटिका. लग्नाचा मुहूर्त साधायला जोशीबुवा हेच पात्र वापरत.

घटिकापात्राची एक खोड मात्र होती. वाटी बुडाल्याबरोबर ती उचलून, रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवावी लागे. राखण करणाऱ्याला डुलकी लागली आणि प्रत्येक वेळी १० सेकंद उशीर झाला, तर ६० घटिकांत ६०० सेकंद गेले. वाटी अगदी अचूक, छिद्र अगदी नेमके, तरी दिवसाअखेर घड्याळ १० मिनिटे मागे. चूक वाटीची नाही, वाटी पुन्हा ठेवण्याच्या पद्धतीची आहे. शहाणा राखणदार काय करील? ‘आत्तापासून एक घटिका’ असे न मोजता ‘मागची घटिका जेव्हा संपायला हवी होती, तेव्हापासून एक घटिका’ असे मोजील. एकदाचा उशीर तेवढ्यापुरताच राहील, साचत जाणार नाही. संगणकातील टायमरचे अर्धे आजार या एका वाक्यात आहेत.

प्रत्येकाची वेळ वेगळी असण्याचा अनुभवही महाराष्ट्राला आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि महापालिकेने ती ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपली. जवळपास अर्धशतक एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. गाडी पकडायची तर एक वेळ, पालिकेत जायचे तर दुसरी. महागावातही सूर्याला विचारले, तर मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सुमारे १९ मिनिटांनी होते, कारण प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि महागाव त्याच्या पश्चिमेला जवळपास पावणेपाच अंशांवर. तरी गाव चालते, कारण सगळ्यांनी एकच वेळ मान्य केली आहे. फरक असणे हा गोंधळ नव्हे. कोणती वेळ कशासाठी वापरायची हे ठरलेले नसणे, हा गोंधळ.

आता यंत्राच्या पोटात पाहू. बहुतेक उपकरणांत क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे २ चा पंधरावा घात, म्हणून ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक ठोका मिळतो. साधा स्फटिक दिवसाला सेकंद-दोन सेकंद चुकतो, महिन्यात मिनिटभर. यंत्र बंद असताना हे घड्याळ नाण्याएवढ्या सेलवर चालते. तो सेल मेला की लाइट गेल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू होताना कारखान्यातली जुनी तारीख दाखवते, आणि आजच्या ईसीजीवर भलत्याच वर्षाचा शिक्का उमटतो. लोडशेडिंग सोसणाऱ्या गावांत हे नवलाचे नाही.

तारीख चुकली तर निदान डोळ्यांना दिसते. ठोका चुकला तर दिसत नाही. ईसीजी यंत्र हृदयाची विद्युतलहर ठरावीक अंतराने टिपते आणि त्या अंतरावरून ठोके मोजते. त्याचा अंतर्गत टायमर १० टक्के मंद झाला, तर मिनिटाला ६० ठोके असलेल्या माणसाचे ६६-६७ दिसतील. सिरिंज पंपाची मोटर टायमरच्या इशाऱ्यावर एकेक पाऊल पुढे सरकते. तो १० टक्के जलद झाला, तर १० तासांत द्यायचे औषध सुमारे ९ तासांत संपेल. फवारणीची विषबाधा झालेल्या रुग्णाला ॲट्रोपिन देताना डॉक्टर दर काही मिनिटांनी बाहुल्या, घाम, छातीतला घरघराट तपासून मात्रा ठरवतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने अशा विषबाधेचे बळी पाहिले आहेत. तिथे वेळ हीच मात्रा असते. मिलिग्रॅम बरोबर आणि मिनिटे चूक, तर औषध चूकच.

अशा यंत्रांतले सॉफ्टवेअर रुग्णापर्यंत येण्याआधी तपासायचे कसे? प्रत्येक चाचणीसाठी खरे यंत्र वापरणे महाग, आणि काही चाचण्या खऱ्या यंत्रावर घेणे धोक्याचे. म्हणून संगणकाच्या आत दुसऱ्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी केली जाते. तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला वाटते आपण खऱ्या यंत्रावरच आहोत. याला एम्युलेशन म्हणतात. फ्रेंच प्रोग्रॅमर फॅब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लोकांसमोर आणलेले क्यूएमू हे या कामाचे जगभर वापरले जाणारे साधन आहे. त्याची संहिता कोणालाही मोफत वाचता, तपासता आणि सुधारता येते. अँड्रॉइड फोनसाठी ॲप बनवणारे जो एम्युलेटर वापरतात, त्याचा पाया क्यूएमूच आहे. २००७ मध्ये लिनक्समध्ये ‘केव्हीएम’ ही सोय आली आणि क्यूएमूच्या जोडीने एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवण्याची पद्धत रुळली. आज रुग्णनोंदणीपासून दूरसल्ल्यापर्यंत अनेक सेवा ज्या दूरच्या सर्व्हरांवर चालतात, तिथे एका लोखंडी पेटीत अशी अनेक आभासी यंत्रे नांदत असतात.

या आभासी यंत्राला भूल दिलेल्या रुग्णाची उपमा शोभेल. शस्त्रक्रियेनंतर जागा झालेला रुग्ण विचारतो, ‘कधी सुरू करणार?’ त्याच्या लेखी मधले तीन तास घडलेच नाहीत. आभासी यंत्राचेही तसेच आहे. खरा संगणक दुसऱ्या कामात गुंतला, की तो या पाहुण्या यंत्राला क्षणभर बाजूला ठेवतो. सेकंदाचा हजारावा भाग असो वा अर्धा मिनिट, पाहुण्याला त्याचा पत्ता नसतो. पण त्याच्या टायमरचे ठोके त्या काळात पडायला हवे होते. ते पडले नाहीत. आता जाग आल्यावर काय करायचे?

डॉक्टरांना हा प्रश्न रोज विचारला जातो : ‘सकाळची गोळी राहिली, आता दोन्ही एकदम घेऊ का?’ उत्तर औषधावर अवलंबून असते. काही औषधांत आठवण येताच राहिलेली गोळी घ्यावी, काहींत ती सोडून द्यावी, आणि काहींत दोन एकदम घेतल्या तर दवाखान्यात भरती व्हावे लागेल. आभासी यंत्रांच्या व्यवस्थापकांनीही हुकलेल्या ठोक्यांसाठी नेमके असेच चार पर्याय ठेवले आहेत : उशिराने पण त्याच गतीने देत राहणे, थोड्या जलद गतीने देऊन भरून काढणे, साचलेले ठोके एकात मिसळणे, किंवा सरळ सोडून देणे. पहिल्या पर्यायात पाहुण्याचे घड्याळ मागेच राहते. दुसऱ्यात ते वेळ गाठते, पण काही काळ त्याचा सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा आखूड असतो. सगळ्यांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. आत कोणता प्रोग्रॅम चालतो, त्यावर ते ठरते.

क्यूएमूने यासाठी वेगवेगळी घड्याळे वेगळी ठेवली. एक घड्याळ अखंड पुढे जाते, पाहुणे यंत्र थांबले असले तरी. दुसरे पाहुण्याबरोबर थांबते आणि त्याच्याबरोबरच चालू लागते. तिसरे भिंतीवरच्या घड्याळासारखे. कोणी काटे फिरवले तर ते उडीही मारते. कोणत्या कामाला कोणते, हे प्रत्येक ठिकाणी ठरवून द्यावे लागते. ‘बॉम्बे टाइम’ आणि प्रमाणवेळ यांतला गोंधळ इथे नियमाने मिटवलेला दिसतो. शिवाय अशीही सोय आहे, की खऱ्या घड्याळाकडे न पाहता यंत्राने किती सूचना पार पाडल्या, त्यावरूनच वेळ मोजायची. मग तोच प्रसंग शंभर वेळा घडवला, तरी शंभर वेळा तसाच घडतो, आणि दुर्मीळ चूक पकडता येते. रुग्णाला कधीतरीच येणारी फिट डॉक्टरांसमोर हवी तेव्हा आणता आली असती तर निदान किती सोपे झाले असते, याची कल्पना करावी.

जुन्या क्यूएमूत मात्र सगळ्या टायमरांसाठी गजराची एक सामाईक व्यवस्था होती. ती वाजली की प्रोग्रॅमचे चालू काम मध्येच तोडून इशारा येई. मोठ्या वॉर्डात एकच घंटा बांधावी आणि कोणत्याही खाटेची वेळ झाली तरी तीच वाजावी, तसे. सगळ्यांनी हातातले काम टाकून पाहायचे, ‘माझ्यासाठी होती का?’ २०१३ मध्ये ही व्यवस्था काढून टाकली गेली. आता कामाच्या प्रत्येक फेऱ्याकडे आपली स्वतःची टायमरांची यादी असते. तो पाहतो, की सर्वांत जवळची वेळ किती नॅनोसेकंदांवर आहे, आणि तेवढाच वेळ थांबतो. आधी दुसरे काही काम आले, तर तेही उचलतो. प्रत्येक सिस्टरकडे आपापल्या खाटांची यादी, त्यामुळे घंटेची गरजच उरली नाही.

दुसरी मोठी डागडुजी २०१९ मधली. ठरावीक अंतराने वाजणाऱ्या टायमराच्या अनेक सेटिंग असतात : अंतर किती, उलटी मोजणी कोठून, एकदाच वाजायचे की पुन्हा पुन्हा. यांतील एक बदलली आणि दुसरी बदलायची आहे, एवढ्यात टायमर वाजला तर? अर्धे जुने, अर्धे नवे, अशा स्थितीत यंत्र कृती करील. म्हणून नियम केला गेला : बदल सुरू करताना ‘सुरू’ म्हणा, सगळे बदल करा, शेवटी ‘पक्के’ म्हणा, त्या आधी टायमरने काहीही करायचे नाही. मग निरनिराळ्या यंत्रांच्या नकला एकेक करून या पद्धतीवर आणल्या गेल्या. हे काम कंटाळवाणे आहे. त्याचा कोणी सत्कार करीत नाही, आणि ते नीट झाले की कोणाला काही जाणवतही नाही.

पण अर्धे जुने आणि अर्धे नवे म्हणजे काय, हे वैद्यकाने रक्ताने शिकले आहे. कॅनडात बनलेल्या ‘थेराक-२५’ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना किरणांची प्रचंड अतिमात्रा दिली आणि त्यांतील किमान तिघांचा त्यामुळे मृत्यू झाला. अमेरिकेतील टेक्सासमधल्या टायलर येथे काम करणाऱ्या ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकीचा टंकला, चूक लक्षात येताच झटपट दुरुस्त केला. यंत्राला चुंबके जुळवायला सुमारे ८ सेकंद लागत. त्या ८ सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, पण यंत्राच्या एका भागापर्यंत पोहोचली नाही. पडदा एक सांगत होता, किरणांचा झोत दुसरेच करीत होता. नवशिका, सावकाश टंकणारा ऑपरेटर असता तर कदाचित काहीच घडले नसते. सरावाने वाढलेला वेगच इथे घातक ठरला. दुसऱ्या एका ठिकाणी मोजणीचा एक छोटा आकडा दर २५६ व्या वेळी शून्यावर येत होता आणि नेमकी त्याच वेळी सुरक्षेची तपासणी वगळली जात होती. त्याआधीच्या थेराक-२० मध्येही टायलरसारखीच चूक सापडली. पण तिथे वेगळी विद्युत-सुरक्षा होती, त्यामुळे फ्यूज उडे आणि रुग्ण वाचे. नव्या यंत्रात सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवून ती सुरक्षा काढून टाकली गेली होती.

वेळ साचत गेल्याची किंमतही जगाने पाहिली आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती. वेळ मोजताना एक दशांश सेकंदाचे रूपांतर करताना होणारी अतिसूक्ष्म चूक साचत साचत ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्यात शत्रूचे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे सरकते. ते अडवले गेले नाही आणि २८ सैनिक ठार झाले. दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर तिथे पोहोचले दुसऱ्या दिवशी. यंत्र अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करा, अशी सूचना आधी गेली होती. किती तासांनी, हे मात्र सांगितलेले नव्हते. आपल्या दवाखान्यांतही ‘बंद करून चालू करा’ हा सर्वमान्य उपचार आहे. तो लागू पडतो तेव्हा आजार झाकला जातो, बरा होत नाही.

इथे रास्त आक्षेप येईल. जिथे सलाइनचा स्टँड दोन खाटांत एक आहे, रात्री एकच डॉक्टर आहे, तिथे नॅनोसेकंदांची चर्चा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. सर्पदंशाच्या रुग्णाला आधी गाडी हवी, प्रतिविषाच्या कुपी हव्यात, ते देऊ शकणारे हात हवेत. यांतील काहीही बाजूला सारून घड्याळांवर खर्च करा, असे कोणी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, घड्याळे जुळवण्याला जवळपास पैसा लागत नाही, लागते शिस्त. दुसरी, मनुष्यबळ जितके कमी, तितकी भिस्त यंत्रावर जास्त. शहरातल्या मोठ्या अतिदक्षता विभागात पंप चुकला तर शेजारी उभी असलेली सिस्टर तो पकडते. रात्री तीस रुग्ण सांभाळणारी एकटी सिस्टर पंपावर विश्वासच टाकते. म्हणून यंत्राच्या खरेपणाची गरज लहान रुग्णालयाला मोठ्यापेक्षा अधिक आहे, कमी नाही.

शिवाय वेळेची नोंद केवळ उपचारापुरती नसते. जन्माची वेळ, मृत्यूची वेळ, पोलिस केसमध्ये रुग्ण दाखल झाल्याची वेळ, विषबाधेत पहिले औषध दिल्याची वेळ, हे सारे उद्या न्यायालयात विचारले जाते. नुकसानभरपाई मागणाऱ्या कुटुंबाचा दावा एखाद्या तासावर अडू शकतो. केसपेपर आणि मॉनिटरच्या छापील पट्टीत २० मिनिटांचा फरक निघाला, की खरे बोलणारा डॉक्टरही खोटा ठरतो आणि खरी तक्रार असलेला नातेवाईकही.

नियम नाहीत असेही नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेने सरकारी संस्थांसह सर्वांना निर्देश दिले, की आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवून ठेवा. भारतीय प्रमाणवेळ अणुघड्याळांच्या आधाराने सांभाळणारी ती हीच प्रयोगशाळा. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांची व्याख्या इतकी विस्तारली, की उपचारासाठी किंवा निदानासाठी असलेले सॉफ्टवेअरही कायद्याच्या कक्षेत आले. कायदा पोहोचला आहे; वॉर्डातल्या मॉनिटरपर्यंत त्याचा काटा पोहोचायचा आहे.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट उद्या सकाळी करता येईल. प्रत्येक रुग्णालयाने एक घड्याळ ‘प्रमाण’ ठरवावे. नेटवर्कशी जुळणारा संगणक किंवा फोन पुरेसा आहे. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी मॉनिटर, ईसीजी, पंप, प्रसूतिगृहातील भिंतीवरचे घड्याळ त्याच्याशी ताडून पाहावे आणि फरक वहीत लिहावा. फ्रिजचे तापमान रोज दोनदा लिहिण्याची सवय लसीकरणाने लावलीच आहे. तिच्या शेजारी एक रकाना वाढेल. मृत सेल बदलायला काही दहा-वीस रुपये लागतात.

दुसरी गोष्ट खरेदीची. उपकरण घेताना किंमत आणि हमी विचारली जाते. घड्याळाबद्दल तीन प्रश्न निविदेतच विचारावेत. लाइट गेल्यानंतर यंत्राची वेळ कशी टिकते? अनेक दिवस सलग चालल्यावर टायमरची चाचणी घेतली आहे का, आणि किती तासांची? सॉफ्टवेअरमधील चूक सापडली तर ती रुग्णालयाला कोण, किती दिवसांत कळवणार? उत्तर देता येत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. महागावच्या शेजारी पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विदर्भात अशी महाविद्यालये बरीच आहेत. क्यूएमू साध्या लॅपटॉपवर चालते, त्याला परवाना शुल्क नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आभासी सिरिंज पंप उभा करावा, त्याला मध्येच झोपवावे, वीज तोडावी, १०० तास चालवावे आणि ठोके किती हुकले ते मोजावे. त्यातून सापडलेली चूक जगाच्या उपयोगी पडेल, आणि असा विद्यार्थी उद्या उपकरण बनवणाऱ्या कंपनीत गेला, तर टायमर लिहिताना त्याला घटिकापात्राचा राखणदार आठवेल.

मुक्त स्रोत म्हणजे निर्दोष, असा भाबडा समज मात्र नको. क्यूएमूच्या टायमरातही वर्षानुवर्षे दोष होते, म्हणूनच तर ते नव्याने बांधावे लागले. फरक एवढाच, की दोष कोणालाही दिसू शकत होते, त्यांवर उघड वाद झाले, बदल कोणी, कधी, का केला याची नोंद राहिली. वैद्यकात आपण याला केसपेपर म्हणतो. रुग्णाचा केसपेपर त्याला दाखवण्याचा आग्रह धरणारा समाज, त्याच्या शिरेत औषध सोडणाऱ्या यंत्राचा केसपेपर कुलपात राहावा, हे निमूट मान्य करतो. निदान सरकारी पैशाने घेतलेल्या उपकरणांच्या वेळेच्या चाचण्या तरी उघड असाव्यात, ही मागणी अवास्तव नाही.

क्यूएमूच्या संहितेत एक ओळ अशी आहे, की टायमर दर १० मायक्रोसेकंदांहून जलद वाजू द्यायचा नाही; कारण मग यंत्राचा सगळा वेळ ठोके देण्यातच जाईल आणि काम पुढे सरकणारच नाही. नोंदी भरण्यातच पाळी संपणाऱ्या सरकारी दवाखान्यांनाही ही मर्यादा लागू आहे. म्हणून घड्याळांची शिस्त लावताना आणखी चार नवी रजिस्टरे निघू नयेत. एक घड्याळ, एक वही, आठवड्यातून एकदा. पावसाळ्याच्या एखाद्या रात्री महागावात काचेची नळी रॅकमध्ये उभी केली जाईल, तेव्हा तिच्यावर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली जावी. आणि ती वेळ पाहून नळी तिरपी करणाऱ्या हाताला शंका नसावी, की ही २० मिनिटे खरोखर २० च आहेत.